चॉकलेटास रंग चढतो कसा?

गेल्या चैत्रांत आमच्या शिरूर कासारच्या घरीं एका संध्याकाळीं जो घोटाळा झाला, त्यांतून आजचें हें भाषण निघालें आहे. विषय थोडा नवलाचा वाटेल. निवृत्त शाळामास्तरानें शुद्धलेखनावर बोलावें, फार तर मुलांच्या वळणावर बोलावें. चॉकलेटास रंग कसा द्यावा हें त्यानें कशाला सांगावें, असें आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत येईल. परंतु केक आतां शहरांतल्या दुकानांपुरता राहिलेला नाहीं. तालुक्याच्या गांवीं प्रत्येक आळींतली एखादी सून अथवा लेक घरीं केक करून चार पैसे मिळविते. आमची सूनबाई त्यांतलीच एक आहे. केकवरचीं फुलें, पानें, पांखरें हीं पांढरें चॉकलेट वितळवून, त्यांत रंग मिसळून, साच्यांत ओतून करावयाचीं असतात. आणि नेमका तेथेंच घात होतो.

घडलें तें असें. आमच्या बीड जिल्ह्यांतून ऊस तोडण्यासाठीं दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांतल्या आणि कर्नाटकांतल्या कारखान्यांकडे जातात व हंगाम आटोपला कीं परत येतात. अशीच परत आलेली एक बाई सूनबाईकडे आली. तिच्या मुलास सातवें वर्ष संपून आठवें लागत होतें. मागचे दोन वाढदिवस फडावरच्या कोपींत गेले. यंदा हंगाम लवकर संपला म्हणून हा एक घरीं करावयाचा होता. मुलाचें मागणें एवढेंच कीं केकवर हिरवा पोपट पाहिजे. बाईनें पदराच्या गांठींतून अर्धे पैसे आगाऊ काढून दिले.

सूनबाईनें अर्धा किलो पांढरें चॉकलेट वितळविलें. तें सायीच्या दुधासारखें चकचकीत वाहूं लागल्यावर, संक्रांतीला हलव्यासाठीं आणलेल्या कुपीतल्या हिरव्या रंगाचे सात-आठ थेंब तिनें त्यांत टाकले आणि ढवळूं लागली. पाहतां पाहतां चकाकी गेली, धार तुटली, चमच्याभोंवतीं गोळा जमूं लागला. मी उंबऱ्याशीं बसून पाहत होतों. मास्तरकीची संवय जात नाहीं. मीं म्हटलें, "पाक घट्ट झाला तर पाणी घालतात. चमचाभर ऊन पाणी घाल." तिनें घातलें. गोळा मऊ व्हावयाच्या ऐवजीं मळलेल्या कणकेसारखा घट्ट झाला व त्यांतून तूप सुटल्यासारखें तेल निथळूं लागलें. ती एवढेंच म्हणाली, "मामा, आतां राहूं द्या." अर्धा किलो चॉकलेट गेलें, आणि तें निम्में माझ्यामुळें गेलें.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन शाळेंत शिरलों तो निवृत्त होऊनच बाहेर पडलों. तरी जो सल्ला आपण दिला तो चुकला कां, हें कळल्यावांचून मला चैन पडेना. पुढचे कांहीं दिवस मीं वाचलें, वाट्यांत प्रयोग करून पाहिले, आणि जें समजलें तें आतां सांगतों.

चॉकलेट म्हणजे काय, येथूनच आरंभ केला पाहिजे. कोकोच्या बियांत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. दाब देऊन तो वेगळा काढण्याच्या रीतीचें पेटंट हॉलंडमधील व्हान हौटेन यांनीं १८२८ मध्यें घेतलें. या स्निग्धांशास कोको-बटर म्हणतात. नांवांत बटर असलें तरी तें लोणी नव्हे. लोण्यांत पाणी असतें, यांत नसतें. काळ्या चॉकलेटांत कोकोचा तपकिरी चोथा, कोको-बटर आणि साखर असते. पांढऱ्यांत तो चोथा नसतो. कमींत कमी शेंकडा २० कोको-बटर, दुधाची भुकटी आणि निम्म्याच्या आसपास साखर. हें पांढरें चॉकलेट १९३० नंतरच्या दहा वर्षांत स्वित्झर्लंडांत बाजारांत आलें. काळ्यावर कोणताहि रंग दिसत नाहीं, म्हणून रंग द्यावयाचा तो पांढऱ्यासच.

आतां मर्माची गोष्ट. वितळलेलें चॉकलेट दिसतें पाकासारखें, पण तें पाक नव्हे. पाकांत साखर पाण्यांत विरघळलेली असते. चॉकलेटांत ती मुळींच विरघळलेली नसते. केंसाच्या जाडीहूनहि बारीक असे तिचे कोरडे कण कोको-बटरांत नुसते पोहत असतात, आणि प्रत्येक कणाभोंवतीं स्निग्धांशाचें वंगण असल्यामुळें ते एकमेकांवरून घसरतात. म्हणून धार वाहते. त्यांत पाण्याचा थेंब पडला कीं तेल त्यास जवळ करीत नाहीं. साखर मात्र तत्काळ करते. कणांचा वरचा थर ओला होतो, चिकट होतो, एक कण दुसऱ्यास धरतो, दुसरा तिसऱ्यास, आणि वंगण बाहेर ढकललें जातें. सूनबाईच्या भांड्यांत निथळलेलें तेल तें हेंच.

याचा पडताळा कोणासहि घरीं पाहतां येतो व तो मुलांस अवश्य दाखवावा. वाटींत दोन चमचे पिठीसाखर घेऊन ती सरबरीत होईल इतकें गोडें तेल घालून ढवळावें. सैलसर, वाहतें मिश्रण होईल. मग त्यांत पाण्याचे चार थेंब टाकून पुन्हा ढवळावें. साखर तेल सोडून एका बाजूस गोळा होऊन बसते. आमच्या सिंदफणेच्या पात्रांतली कोरडी वाळू मुठींतून गळून जाते, किंचित् ओली झाली तर तिचे किल्ले होतात, आणि पुष्कळ पाण्यांत ती पुन्हा वाहते. तशांतलाच हा प्रकार. चॉकलेटहि पुष्कळ ओलें केलें तर पुन्हा सैल होतें. पावाच्या किंवा निम्म्या वजनाइतकें ऊन दूध अथवा साय घातली कीं साखर पुरती विरघळते आणि मऊसर लेप तयार होतो. तो केकवर पसरावयास उत्तम. पण साच्यांत घालून त्याचा पोपट होत नाहीं, कारण तो कधींच कडक होत नाहीं. म्हणजे माझा चमचाभर पाण्याचा सल्ला दोन्ही अंगांनीं वाईट होता. गोळा सोडविण्यास तें पाणी फार थोडें होतें, आणि चॉकलेट वांचविण्यास फार जास्त. त्या गोळ्यांत दूध घालून आम्हीं तो उकळला व आळींतल्या मुलांस पाजला. हिरवें दूध प्यावयास तीं आधीं तयार होईनात, ही गोष्ट निराळी.

मग तोच रंग संक्रांतीच्या हलव्यांत कसा चालला होता? श्रोतेहो, हलवा म्हणजे साखरेचा थर चढविण्याचीच कला आहे. मंद निखाऱ्यावर परात, परातींत तीळ किंवा खसखस, आणि वर थोडा थोडा पाक शिंपडून हातानें हलवीत राहावयाचें. पाण्याचा अंश उडतो, साखर दाण्यावर बसते, काटे फुटतात. रंग द्यावयाचा तो पाकांत. पाकांत पाणी असतें, पाण्यांत रंग विरतो, पाणी उडालें कीं रंग साखरेंत मागें राहतो. पाडव्याच्या गाठींचेंहि तसेंच. रावळगांवच्या कारखान्यानें १९४० नंतर ज्या रंगीत गोळ्या घरोघर नेल्या, त्याहि उकळलेल्या साखरेच्या. आपल्याकडचें रंगीत गोड खाणें बहुतेक साखर-पाण्याच्या कुळांतलें आहे. चॉकलेट तेलाच्या कुळांतलें. कुपीतला रंग बिचारा निर्दोष होता. त्याला आम्हीं भलत्या घरीं नेऊन बसविलें.

रंगांचीं हीं दोन कुळें आपल्या स्वयंपाकघरांत रोज दिसतात, फक्त आपण त्यांकडे त्या दृष्टीनें पाहत नाहीं. रस्सा उकळला म्हणजे वर लाल तर्री येते आणि खालचें पाणी फिकें राहतें. मिरचीचा रंग तेलांत उतरणारा, पाण्यांत नव्हे. गाजराच्या हलव्यांत बाजूस सुटलेलें तूप केशरी दिसतें. गाजराचा रंगहि त्याच कुळांतला. हळद पाण्यांत टाका, तळाशीं गाळ बसतो. फोडणींत टाका, तेल सोन्यासारखें पिवळें होतें. उलट केशर आपण दुधांत खलतों, तुपांत खलीत नाहीं. बीट, कोकम, जास्वंद यांचा रंग पाण्यांत भराभर उतरतो, तेलांत उतरत नाहीं. तेव्हां बीटाचा रस चॉकलेटांत घालावयास जाणें म्हणजे पुन्हा तीच चूक करणें होय, मग तो रस कितीहि नैसर्गिक असो.

येथें एक सोपी कसोटी सांगतों. बाजारांतून चॉकलेटासाठीं म्हणून रंग आणला कीं त्याचा एक थेंब आधीं चमचाभर ऊन खोबरेल तेलांत टाकून पाहावा. सारखा पसरला तर तो चालेल. तळाशीं मण्यासारखा गोल होऊन बसला तर तो पाण्याचा रंग. भांड्यापासून दूर ठेवावा. केकच्या क्रीमसाठीं डबींतून मिळणारे जेलीसारखे घट्ट रंग पुष्कळांस तेलाचे वाटतात. ते बहुधा पाण्याचेच असतात.

चॉकलेटासाठीं जे तेली किंवा भुकटीचे रंग विकले जातात त्यांतल्या पुष्कळांची घडण मोठी मनोरंजक आहे. मूळ कृत्रिम रंग पाण्यांत विरणारा असतो. त्यास ॲल्युमिनियमच्या एका पांढऱ्या, न विरघळणाऱ्या संयुगावर पक्का बसवितात, त्याची पूड करतात व ती पूड तेलांत खलतात. ही पूड तेलांत विरघळत नाहीं. हवेंत धूळ तरंगावी तशी सर्वत्र पसरते. अशा रंगास इंग्रजींत 'लेक' म्हणतात, आणि तो शब्द मूळचा आपल्या लाखेचा आहे. लाखेच्या किड्यापासून निघणारा तांबडा रंग तुरटीनें असाच बसवीत असत. त्या लाखेचें युरोपांत लेक झालें. ज्या गांवाच्या नांवाशीं बांगड्या भरणाऱ्या कासारांचें नांव जोडलेलें, त्या गांवांत बसून हें वाचतांना मला गंमत वाटली. असो. यांतून घेण्याची गोष्ट अशी कीं हा रंग विरघळत नसल्यामुळें नीट घोटावा लागतो. भुकटी एकदम सगळ्या चॉकलेटांत टाकली तर ठिपके राहतात. आधीं चमचाभर वितळलेल्या कोको-बटरांत अथवा चॉकलेटांतच ती खलावी, आणि मग तें मोठ्या भांड्यांत मिसळावें. रंग लगेच गडद दिसत नाहीं म्हणून घाईनें आणखी घालूं नये; दहा मिनिटें थांबल्यावर तो आपोआप खुलतो.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें भाषण करावेंसें वाटलें तिच्याकडे वळतों. आमच्या घरची ती हिरवी कुपी मीं उन्हांत धरून पाहिली. तिच्यावर कारखान्याचें नांव नव्हतें, रंगाचें नांव नव्हतें, तारीख नव्हती. एक फुलाचें चित्र होतें. ती आठवड्याच्या बाजारांतून आली होती. चॉकलेट बिघडलें त्याचें दुःख एका दिवसाचें. पण हाच रंग आम्हीं संक्रांतीला अर्ध्या गांवाच्या मुलांच्या हातावर ठेवला होता, हें ध्यानांत आलें तेव्हां मी जरा वेळ गप्पच बसलों.

खाण्याच्या रंगांच्या पंगतींत कापडाचे रंग येऊन बसतात ही नुसती शंका नव्हे. जत्रेंत मिळणारे गुलाबी म्हातारीचे केंस आपण पाहिले असतील. त्यांत ऱ्होडामाइन बी नांवाचा कापड रंगविण्याचा रंग सांपडल्यामुळें २०२४ च्या फेब्रुवारींत पुदुच्चेरी व तामिळनाडूंत त्यांची विक्री बंद करण्यांत आली. मार्चांत कर्नाटकानें त्या कृत्रिम रंगास मनाई केली. मिठायांत व डाळींत मेटॅनिल यलो नांवाचा पिवळा रंग अशाच चोरपावलांनीं येतो. हे दोन्ही खाण्याचे रंग नव्हेत.

आपल्याकडील अन्न सुरक्षेच्या नियमांत खाण्याच्या पदार्थांसाठीं आठ कृत्रिम रंगांची नांवें दिलेलीं आहेत. लाल तीन: पॉन्सो ४ आर, कार्मोइसीन, एरिथ्रोसीन. पिवळे दोन: टार्ट्राझीन व सनसेट यलो. निळे दोन: इंडिगो कार्मीन व ब्रिलियंट ब्ल्यू. हिरवा एकच: फास्ट ग्रीन. वेष्टनावर यांचे आंकडे असतात, ते नांवांहून वाचावयास सोपे. टार्ट्राझीनचा १०२, सनसेट यलोचा ११०, कार्मोइसीनचा १२२, पॉन्सोचा १२४, एरिथ्रोसीनचा १२७, इंडिगोचा १३२, ब्रिलियंट ब्ल्यूचा १३३, फास्ट ग्रीनचा १४३. त्यासोबत चौदा आंकडी परवाना क्रमांक पाहावा. हे नसतील तर कुपी कितीहि स्वस्त असो, घेऊं नये. या यादींतले रंगहि सगळीकडे सारखेच मानले जातात असें नाहीं. एरिथ्रोसीनची खाद्यपदार्थांतली परवानगी अमेरिकेनें २०२५ च्या जानेवारींत काढून घेतली. चॉकलेट अधिक पांढरें दिसावें म्हणून टिटॅनियम डायऑक्साइड नांवाची पांढरी पूड मिसळतात. ती युरोपीय संघानें २०२२ पासून खाण्यांत वर्ज्य केली आहे. पिवळसर झांक असलेलें चॉकलेट पिवळसरच राहूं दिलें तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, असें माझें मत आहे.

आणि किती घालावयाचा? सर्वसाधारण मर्यादा अशी कीं तयार पदार्थाच्या एका किलोंत शुद्ध रंग १०० मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावा. हा आंकडा कानावरून जातो, म्हणून सोनाराच्या तराजूंत घालून सांगतों. एका तोळ्याच्या ९६ गुंजा. एक गुंज म्हणजे सुमारें १२१ मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर मिठाईंत गुंजेपेक्षांहि कमी शुद्ध रंग! कुपीतला रंग पातळ केलेला असतो हें खरें, पण तो किती पातळ केला आहे हें बाहेरून कळत नाहीं. म्हणून हात आंखडता ठेवावा. खाल्ल्यावर जीभ दिवसभर हिरवी राहिली तर रंग जास्त झाला, एवढें आयांनीं ओळखावें.

ज्यांस कृत्रिम रंग नकोच असतील त्यांच्यासाठीं हळद आहे. आपल्या मराठवाड्यांत वसमतच्या हळदीची ख्याति आहेच. घरीं कुटलेल्या हळकुंडाची हळद घ्यावी, कारण तयार पुडींत शिशाच्या विषारी पिवळ्या रंगाची भेसळ झाल्याचीं उदाहरणें आहेत. दोन मोठे चमचे वास काढलेल्या शुद्ध खोबरेल तेलांत पाव चमचा हळद मंद आंचेवर पांच मिनिटें कोमट करावी, तासभर ठेवावी आणि चार पदरी मलमलींतून गाळावी. खाली राहिलेला गाळ घेऊं नये. चव त्यांत असते, रंग तेलांत आलेला असतो. या तेलानें चॉकलेट सुरेख पिवळें होतें. हळदीला दोन खोडी आहेत. क्षार लागला कीं ती तांबडी होते. हळद-चुन्याचा प्रयोग शाळेंत आपण सर्वांनीं केलेला आहे. म्हणून सोडा घातलेल्या पिठांत ती जपून वापरावी. चॉकलेटांत ही भीति नाहीं. दुसरी खोड अशी कीं ती उन्हांत विटते. लुगड्यावरचा हळदीचा डाग उन्हांत वाळत घातला कीं जातो हें बायकांस ठाऊक आहे. तेव्हां असा केक खिडकींत मांडूं नये. पालकाचा हिरवा रंगहि तेलांत उतरतो, पण मळकट येतो व पालकाची चव मुलांपासून लपत नाहीं. शेंदरीच्या बियांचा नारिंगी रंग तेलांत उतरतो व जगभर लोणी आणि चीज यांस तोच देतात. आपल्याकडे तें झाड कोठें असलें तर शोभेसाठीं असतें.

रंग मिसळतांना एक गोष्ट चित्रकलेच्या तासासारखी ध्यानांत ठेवावी. पांढरें चॉकलेट पांढरें नसतें, पिवळसर असतें. त्यांत निळा टाकला तर आकाश न होतां कैरी होते. पिवळेपणा मारण्यासाठीं आधीं जांभळ्या तेली रंगाचा सुईच्या टोंकाएवढा अंश घालावा. धुतलेल्या धोतरास आपण नीळ देतों ती याच न्यायानें. आमचा पोपट हिरवाच असल्यामुळें ही अडचण उलट सोयीची ठरली.

मग राहिली उष्णता, आणि आमच्या भागांत खरी परीक्षा तीच घेते. कोको-बटर सुमारें ३४ अंशांस वितळतें. आमच्याकडे वैशाखांत पारा ४० च्या वर जातो. म्हणजे ओट्यावर ठेवलेलें चॉकलेट चुलीवांचूनच विरतें. शिवाय कोको-बटर थिजतांना सहा निरनिराळ्या प्रकारांनीं थिजूं शकतें व त्यांतला एकच प्रकार चकचकीत आणि कडक होतो. तो साधण्यासाठीं पांढरें चॉकलेट ४५ अंशांच्या आंत वितळवावें, ढवळीत २७ अंशांपर्यंत निववावें, आणि पुन्हा किंचित् ऊन करून २८-२९ अंशांवर साच्यांत ओतावें. उष्णतामापक नसेल तर खालच्या ओठास टोंक लावून पाहावें. अंगाहून किंचित् गार लागलें पाहिजे. चैत्र-वैशाखांत हें काम पहांटेच होतें. ज्यांस ही कटकट नको ते कोको-बटराऐवजीं पामच्या बियांच्या घट्ट केलेल्या तेलाचें, कंपाउंड नांवानें मिळणारें चॉकलेट वापरतात. त्यास निववण्याचे सोहळे लागत नाहींत; चवींत मात्र तें उणें पडतें. पाण्याचा नियम त्यालाहि तोच.

या संबंधांत कोंकणच्या माणसांस एक गोष्ट ऐकून बरें वाटेल. कोकमाच्या बियांचें तेल, जें थंडींत भेगाळलेल्या टांचांस लावतात, तें कोको-बटराहून उशिरा वितळतें. युरोपीय संघानें २००० सालीं चॉकलेटांत शेंकडा ५ पर्यंत मिसळण्यास ज्या सहा वनस्पतींच्या स्निग्धांशांस मोकळीक दिली, त्यांत कोकम आहे, आंब्याच्या कोयीचा गरहि आहे आणि साल वृक्षहि आहे. आपण उकिरड्यावर टाकतों त्या कोयीची ही योग्यता आहे.

वितळवितांना भांडें, चमचा, साचा हीं तिन्ही कोरडी ठणठणीत असावींत. गरम पाण्याच्या भांड्यावर चॉकलेटाचें भांडें ठेवतात. तेथें वाफ कडेनें वर येऊन आंत शिरते. म्हणून खालचें पाणी उकळतें असूं नये आणि वरचें भांडें खालच्यापेक्षां रुंद असावें. रंगाच्या पुडीनें चॉकलेट दाट झालें तर चमचाभर कोको-बटर किंवा शुद्ध खोबरेल घालावें. दूध, लोणी, पाणी कदापि नाहीं. शीतकपाटांत थिजविलेला तुकडा एकदम बाहेर काढला तर गार तांब्यास घाम फुटतो तसा त्यास फुटतो, आणि रंगावर डाग पडतात. तो डबींत झांकूनच बाहेर आणावा व डबी बाहेरच्या हवेइतकी झाली म्हणजे उघडावी.

आमचा पोपट दुसऱ्या दिवशीं पहांटे पांच वाजतां झाला. चॉकलेट नवें आणावें लागलें; त्याचे पैसे मीं दिले, आणि सूनबाईनें ते दोनदां नको म्हणून तिसऱ्यांदां घेतले. अंगाला हळदीच्या तेलाचा पिवळा, त्यांत आंकडा व परवाना पाहून घेतलेल्या निळ्या तेली रंगाचे तीन थेंब. हिरवा इतका साजरा उतरला कीं ती कुपीतला हिरवा मला पुन्हा आठवला नाहीं. चोंचीसाठीं एका वाटींत लाल निराळा केला. मी फक्त वाट्या कोरड्या पुसून देत होतों. तेवढेंच काम मला देण्यांत आलें होतें. बाई केक न्यावयास आली तेव्हां दहा वाजले होते. वाडी दीड कोसावर. खोका ओल्या गोणपाटानें झांकून, पण गोणपाटाचें पाणी आंत लागूं नये म्हणून मध्यें दोन पदरी प्लॅस्टिक घालून आम्हीं तो तिच्या हातीं दिला. संध्याकाळीं मुलगा स्वतः रिकामा खोका परत करावयास आला. मीं विचारलें, पोपट कसा काय पोंचला? तो म्हणाला, "चोंच वांकडी झाली व्हती, गुरुजी. पन पोपटाची आसतीच वांकडी."